बोलीची वाट पाहावी की तत्काळ विकावे?
इंटरनेटवरील लिलाव आणि 'लगेच खरेदी'च्या सवलतीची कहाणी

कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात सकाळच्या वेळी जो उभा राहिला असेल, त्याला लिलावाचे स्वरूप समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. माल समोर असतो, व्यापाऱ्यांचा घोळका ढिगाभोवती जमतो, बोली चढत जाते आणि अखेरच्या बोलीला भाव ठरतो. माल आणणाऱ्या शेतकऱ्याला त्या दिवसाचा नेमका भाव ठाऊक नसला तरी चालते. घेणाऱ्यांच्या आपसांतील चढाओढीतून तो आपोआप प्रकट होतो. आता असे समजू या की, लिलाव पुकारला जाण्यापूर्वीच एखादा व्यापारी पुढे झाला आणि "अमुक भावाने सगळा माल आत्ताच उचलतो," असे म्हणाला. शेतकऱ्याने काय करावे? हातात आलेला व्यवहार पक्का करावा, की बोली याहून वर जाईल या आशेने थांबावे?

नेमका हाच प्रश्न २००० सालच्या अखेरीस अमेरिकेतील 'ईबे' या इंटरनेटवरील लिलाव-बाजारातील विक्रेत्यांपुढे उभा राहिला. त्या कंपनीने 'बाय इट नाऊ', म्हणजे 'लगेच खरेदी करा' अशी एक नवी सवलत आपल्या संकेतस्थळावर उपलब्ध करून दिली. वरकरणी हा बदल लहानसा होता. परंतु त्यामुळे विक्रेत्यांमध्ये उत्साह आणि नाराजी या दोन्ही भावना उमटल्या. त्या वादातून किंमत ठरविण्याच्या दोन पद्धतींचे गुणदोष जितक्या स्पष्टपणे पुढे आले, तितके क्वचितच येतात. शासकीय खरेदी-विक्रीतही आज इंटरनेटचा वापर होत असल्याने, या अनुभवाचा परिचय करून घेणे उपयुक्त ठरेल.

लिलाव-बाजाराचा उदय

सप्टेंबर १९९५ मध्ये कॅलिफोर्निया राज्यातील सॅन होजे येथे पिअर ओमिडियार या संगणक-तंत्रज्ञाने 'ऑक्शनवेब' नावाचे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर. त्याला १४.८३ डॉलर मिळाले. मोडक्या वस्तूलाही कोठेतरी गिऱ्हाईक असते, फक्त विकणारा आणि घेणारा यांची गाठ पडावी लागते, ही गोष्ट त्या एका व्यवहाराने दाखवून दिली. १९९७ मध्ये या संकेतस्थळाचे नाव 'ईबे' असे झाले. सप्टेंबर १९९८ मध्ये कंपनीचे भाग शेअर बाजारात आले आणि २००० सालच्या अखेरीस नोंदणी केलेल्या सदस्यांची संख्या सव्वादोन कोटींच्या घरात पोहोचली.

या बाजाराचे वैशिष्ट्य असे की, कंपनी स्वतः काहीही विकत नसे. घरातील जुनी भांडी, आजोबांचा कॅमेरा, टपाल तिकिटे, नाणी, खेळणी अशा वस्तू सर्वसामान्य माणसे विक्रीस ठेवीत. विक्रेता वस्तूचे वर्णन व छायाचित्र देई, आरंभीची किंमत सांगे आणि लिलावाची मुदत निवडी. ही मुदत बहुधा सात दिवसांची असे. वस्तूची नोंद करण्यासाठी आरंभ किंमतीच्या प्रमाणात अल्प शुल्क पडे, आणि विक्री झाल्यास मिळालेल्या रकमेवर टक्केवारीने आणखी शुल्क द्यावे लागे. कंपनीचे उत्पन्न या दोन शुल्कांतून येई. एकमेकांना न पाहिलेल्या माणसांमध्ये विश्वास निर्माण व्हावा म्हणून प्रत्येक व्यवहारानंतर दोन्ही पक्षांनी परस्परांविषयी अभिप्राय नोंदवावा, अशीही व्यवस्था होती.

बोलीची पद्धतही लक्षात घेण्याजोगी आहे. घेणाऱ्याने आपण जास्तीत जास्त किती देऊ हे संगणकाला गुप्तपणे सांगून ठेवावयाचे. त्या मर्यादेपर्यंत संगणक त्याच्या वतीने, आवश्यक तेवढीच, बोली चढवीत जातो. समजा, एकाने ४० डॉलरची मर्यादा दिली आणि दुसऱ्याने ५५ डॉलरची, तर वस्तू दुसऱ्याला ४० डॉलरहून किंचित अधिक किंमतीस मिळते. म्हणजे जिंकणारा आपली स्वतःची मर्यादा नव्हे, तर आपल्या निकटच्या स्पर्धकाची मर्यादा ओलांडण्यापुरती रक्कम देतो. अशा पद्धतीत बोलणाऱ्याने मनातील खरी किंमत सांगणे त्याच्याच हिताचे असते, हे तत्त्व विल्यम व्हिक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्येच मांडले होते. त्यांना १९९६ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

नवी सवलत आणि तिचा नियम

'लगेच खरेदी'च्या सवलतीनुसार विक्रेत्याला लिलावाबरोबरच एक निश्चित किंमतही जाहीर करता येऊ लागली. ती किंमत देण्यास कोणी तयार झाला की लिलाव तत्क्षणी संपे आणि वस्तू त्याची होई. सवलत घेणे वा न घेणे विक्रेत्याच्या इच्छेवर होते. ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. 'याहू' या प्रतिस्पर्धी कंपनीच्या लिलाव-विभागाने अशीच सोय १९९९ मध्ये केली होती. मात्र दोहोंच्या नियमांत एक महत्त्वाचा फरक होता. याहूच्या लिलावात निश्चित किंमतीचा पर्याय लिलाव चालू असेपर्यंत टिकून राही. ईबेवर मात्र पहिली बोली लागताच तो पर्याय नाहीसा होई आणि त्यानंतर तो नेहमीसारखा लिलाव बने. विक्रेत्याने 'राखीव किंमत', म्हणजे ज्याखाली वस्तू विकणार नाही अशी गुप्त मर्यादा ठेवली असेल, तरच ती मर्यादा गाठली जाईपर्यंत हा पर्याय शिल्लक राही.

नियमातील हा फरक एका वाक्याचा होता. परंतु विक्रेत्यांच्या पुढील तक्रारींपैकी बऱ्याचशा तक्रारींचे मूळ त्या एका वाक्यात होते.

स्वागत कोणी केले?

या सवलतीचे स्वागत करणारा पहिला वर्ग होता, एकसारख्या अनेक वस्तू विकणाऱ्या लहान व्यापाऱ्यांचा. ज्याच्याजवळ एकाच प्रकारच्या पन्नास पिशव्या किंवा एकाच जातीचे सुटे भाग आहेत, त्याला प्रत्येक नगाचा भाव सात दिवस थांबून शोधण्यात स्वारस्य नसते. भाव त्याला माहीत असतो. माल लवकर उठावा, पैसा मोकळा व्हावा आणि त्यातून पुन्हा माल भरावा, हे त्याचे गणित. लिलावाचे सात दिवस, त्यानंतर धनादेश टपालाने येण्याचे आणि वटण्याचे दिवस, मग पार्सल पाठविणे, असा पंधरवडा एका व्यवहारात सहज जाई. निश्चित किंमतीच्या विक्रीत यातील निदान पहिला आठवडा वाचत होता.

दुसरे कारण घेणाऱ्यांच्या बाजूचे होते. नाताळची भेटवस्तू ठराविक दिवसापूर्वी हाती यावी लागते. तीन लिलाव हरून चौथ्यात ती मिळाली तर तिचा उपयोग नसतो. शिवाय अनेक जाणते बोलीदार अगदी शेवटच्या काही सेकंदांत बोली लावीत. आठवडाभर आघाडीवर असलेला माणूस अखेरच्या क्षणी हरला की तो वैतागून जाई. अशा ग्राहकाला चार पैसे अधिक देऊनही निश्चिती हवी होती. एरिक बडिश आणि लिसा ताकेयामा या अभ्यासकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात हाच विचार गणिताने मांडला. हरण्याचा धोका पत्करण्यास जे ग्राहक नाखूष असतात, ते त्या धोक्यापासून सुटका म्हणून जास्त किंमत देण्यास तयार होतात, आणि त्यामुळे अशी सवलत विक्रेत्यालाही लाभदायक ठरू शकते, असे त्यांनी दाखविले.

तिसरे कारण थोडे वेगळे आहे. सवलत येण्यापूर्वीदेखील अनेक ग्राहक विक्रेत्याला परस्पर पत्र पाठवून, "लिलाव थांबवा, मी इतके देतो," अशी बोलणी करीत. हे व्यवहार बाजाराच्या नियमांबाहेर होत. त्यात फसवणूक झाली तर दाद मागण्यास जागा नसे आणि कंपनीचेही शुल्क बुडे. नव्या सवलतीने चोरून चाललेल्या या प्रथेला उजेडात आणून नियमांच्या चौकटीत बसविले. प्रचलित गैरप्रथेला केवळ मनाई करण्यापेक्षा तिच्यामागील खरी गरज ओळखून योग्य मार्ग उपलब्ध करून देणे अधिक परिणामकारक ठरते, याचे हे एक उदाहरण म्हणता येईल.

विक्रेत्यांच्या तक्रारी

विरोधाचा सूर लावणाऱ्यांची कारणेही तितकीच सबळ होती. त्यांतील पहिली तक्रार वर सांगितलेल्या नियमाविषयी होती. ती एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, विक्रेत्याने एका जुन्या कॅमेऱ्याची आरंभ किंमत १० डॉलर आणि लगेच खरेदीची किंमत ६० डॉलर ठेवली. एखाद्याने सहज म्हणून १० डॉलरची बोली लावली की ६० डॉलरचा पर्याय बंद झाला. दुसऱ्या दिवशी ६० डॉलर रोख देण्यास तयार असलेला गिऱ्हाईक आला, तर त्यालाही आता आठवडाभर थांबावे लागणार. तो बहुधा थांबत नाही, दुसरीकडे जातो. आणि कॅमेरा अखेर ३५ डॉलरला जातो. काही चतुर ग्राहक हेतुपुरस्सर असे करीत. वस्तू दुसऱ्या कोणी चटकन उचलू नये, एवढ्यासाठीच ते किमान बोली लावून ठेवीत. विक्रेत्याने दिलेली सवलत त्याच्याच विरुद्ध वापरण्याचा हा प्रकार होता.

यावर उपाय होते, पण फुकटचे नव्हते. आरंभ किंमत वाढवून ५० डॉलर केली, तर १० डॉलरची खोडसाळ बोली टळे. परंतु आरंभ किंमतीवर नोंदणी-शुल्क अवलंबून असल्याने शुल्क वाढे, आणि 'स्वस्तात मिळेल' या आशेने जमणारी गर्दीही कमी होई. राखीव किंमत ठेवली तर पर्याय अधिक काळ टिके. परंतु राखीव किंमतीलाही स्वतंत्र शुल्क होते आणि अनेक ग्राहक अशा लिलावापासून दूर राहत.

दुसरी तक्रार अधिक मूलगामी होती. लिलावाचे सर्वांत मोठे बळ असे की, तो अजाण विक्रेत्याचे रक्षण करतो. घर आवरताना माळ्यावर सापडलेली चिनी मातीची बरणी कोणी विक्रीस ठेवली आणि तिचे मोल तिला अगर त्याला ठाऊक नसले, तरी काही बिघडत नाही. मोल जाणणारे दोन संग्राहक पुरेसे असतात. त्यांच्या चढाओढीत खरी किंमत बाहेर येते. मात्र त्याच विक्रेत्याने अंदाजाने २५ डॉलरची 'लगेच खरेदी' किंमत लिहिली, तर त्या दोघांपैकी जो प्रथम पाहील तो काही मिनिटांत बरणी घेऊन जातो. दुसऱ्याला ती आली होती हे कळतही नाही. नव्याने आलेल्या नोंदींवर सतत डोळा ठेवून अशा चुका हेरणे हा काही व्यापाऱ्यांचा उद्योगच होऊन बसला. ज्ञानाचा भार लिलावात घेणाऱ्यांवर असतो. निश्चित किंमतीत तो विक्रेत्यावर येतो. ज्याला किंमत माहीत आहे त्याच्या दृष्टीने ही सोय असते. ज्याला माहीत नाही त्याला मात्र हीच सोय नुकसानीत लोटू शकते.

तिसरी तक्रार पैसे न देणाऱ्या ग्राहकांची. लिलावात आठवडाभर बोली लावणाऱ्याची वस्तूत काही गुंतवणूक झालेली असते. एका कळीसरशी खरेदी करणाऱ्याची तशी नसते. उत्साहाच्या भरात कळ दाबावी आणि नंतर पैसे पाठवू नयेत, असे घडले की नोंद संपलेली असे, इतर इच्छुक पांगलेले असत आणि विक्रेत्याला पुन्हा सगळे पहिल्यापासून करावे लागे. पुढे 'पेपाल' ही इंटरनेटवरून पैसे पोचविणारी कंपनी ईबेने २००२ मध्ये विकत घेतली. त्यानंतर पैसे तत्काळ भरल्याखेरीज खरेदी पूर्ण होणार नाही, अशी अट घालणे विक्रेत्याला शक्य झाले आणि ही अडचण बरीचशी दूर झाली.

चौथी तक्रार आकड्यांत मांडता येण्याजोगी नव्हती. ज्यांनी या बाजारात आपली उमेदीची वर्षे घातली होती, त्यांच्या दृष्टीने लिलाव ही केवळ विक्रीची पद्धत नव्हती. अखेरच्या तासाची उत्कंठा, ओळखीचे झालेले बोलीदार, अनपेक्षित किंमत आल्याचा आनंद, यांतून एक समाज तयार झाला होता. आता हा बाजार इतर दुकानांसारखे दुकान होईल, मोठे व्यापारी आत येतील आणि ज्यांच्यामुळे तो उभा राहिला ते लहान विक्रेते कोपऱ्यात पडतील, अशी भीती त्यांना वाटत होती. कंपनीचे उत्पन्न व्यवहारांच्या संख्येवर व उलाढालीवर अवलंबून होते. विक्रेत्याचे प्रत्येक वस्तूला मिळणाऱ्या भावावर. दोघांचे हित पुष्कळसे एक असले तरी सर्वस्वी एक नव्हते, ही जाणीव या भीतीच्या मुळाशी होती.

न्यायालयातील वाद

या साध्या वाटणाऱ्या कल्पनेला किती मोल होते, हे एका खटल्यावरून दिसते. इंटरनेटवरील विक्रीच्या अशा पद्धतीचे एकस्व आपल्याकडे असल्याचा दावा 'मर्कएक्स्चेंज' या कंपनीने २००१ मध्ये ईबेविरुद्ध दाखल केला. २००३ मध्ये ज्यूरीने ३.५ कोटी डॉलरची भरपाई सुचविली. पुढे न्यायालयाने ती रक्कम कमी केली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एकस्वाचा भंग सिद्ध झाला म्हणजे मनाई हुकूम आपोआप मिळतो असे नव्हे, तर त्यासाठी न्यायाच्या नेहमीच्या कसोट्या लावाव्या लागतात, असा निर्णय त्या न्यायालयाने १५ मे २००६ रोजी दिला. एकस्व कायद्याच्या अभ्यासात हा निर्णय आजही महत्त्वाचा मानला जातो. २००८ मध्ये उभय कंपन्यांत तडजोड होऊन हा वाद मिटला.

काळाचा कौल

विक्रेत्यांच्या भीतीपैकी काही खरी ठरली. लायरन आयनाव्ह, कियारा फॅरोनातो, जोनाथन लेव्हिन आणि नील सुंदरेशन या चार अभ्यासकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ईबेवरील या बदलाची नोंद घेतली आहे. २००३ च्या आरंभी या संकेतस्थळावरील विक्रीच्या नोंदींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक नोंदी लिलावाच्या होत्या; पुढील दशकात हे चित्र पालटून निश्चित किंमतीच्या नोंदी बहुसंख्य झाल्या. त्याच विक्रेत्याने तीच वस्तू दोन्ही पद्धतींनी विकावयास काढली, तर लिलावात वस्तू विकली जाण्याची शक्यता अधिक, परंतु मिळणारी किंमत सामान्यतः कमी, असेही त्यांना आढळून आले. ग्राहकांचा कल बदलला, हे या परिवर्तनाचे एक प्रमुख कारण त्यांनी सांगितले आहे. नवलाई ओसरल्यावर लोकांना बोलीच्या खेळापेक्षा सोय अधिक प्रिय वाटू लागली.

कंपनीच्या धोरणानेही त्या दिशेला हातभार लावला. २००८ च्या आरंभी तिने नोंदणी-शुल्क कमी करून विक्रीनंतरचे शुल्क वाढविले आणि विक्रेत्यांनी ग्राहकांविषयी प्रतिकूल अभिप्राय देण्यास मनाई केली. त्याच्या निषेधार्थ फेब्रुवारीत अनेक विक्रेत्यांनी एक आठवडा विक्री बंद ठेवली. तथापि धोरणाची दिशा कायम राहिली. सप्टेंबरमध्ये निश्चित किंमतीच्या तीस दिवसांच्या नोंदीचे शुल्क ३५ सेंटपर्यंत उतरविण्यात आले. वस्तू महिनाभर मांडून ठेवणे इतके स्वस्त झाल्यावर दुकानदारीचे पारडे जड होणे स्वाभाविक होते.

असे असले तरी लिलाव नाहीसा झाला नाही. दुर्मीळ नाणी, जुनी टपाल तिकिटे, वापरलेल्या पण एकमेवाद्वितीय वस्तू यांच्यासाठी तो टिकून आहे. ज्या वस्तूला दुसरी जोड नाही, तिची किंमत कोणत्याही यादीत सापडत नाही. ती विचारूनच काढावी लागते.

महाराष्ट्राशी असलेला संबंध

या कहाणीचा एक धागा महाराष्ट्रातही येतो. २००० साली मुंबईत 'बाझी डॉट कॉम' हे लिलावाचे संकेतस्थळ सुरू झाले. अल्पावधीतच त्याचा जम बसला आणि २००४ मध्ये ईबेने सुमारे ५ कोटी डॉलरना ते विकत घेतले. पुढे ते ईबेच्या नावाने चालू लागले. २०१७ मध्ये ईबेचा भारतातील व्यवसाय 'फ्लिपकार्ट'कडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते संकेतस्थळ बंद झाले. भारतातील इंटरनेटवरील किरकोळ व्यापार मुख्यतः निश्चित किंमतीच्या मार्गानेच वाढला.

सार्वजनिक व्यवहारात मात्र दोन्ही पद्धती आज नांदत आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस' या शासकीय खरेदीच्या व्यासपीठावर ठराविक रकमेपर्यंत थेट खरेदी करता येते. त्याहून मोठ्या खरेदीसाठी किंमतींची तुलना आणि त्यापुढे बोली किंवा उलट लिलाव यांचा अवलंब करावा लागतो. लहान खरेदीत वेळ वाचावा आणि मोठ्या खरेदीत चढाओढीचा लाभ मिळावा, हा त्यामागील विचार वर सांगितलेल्या अनुभवाशी जुळणारा आहे. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'ई-नाम' या शेतमालाच्या राष्ट्रीय बाजार-व्यवस्थेत बोली संगणकावर लागते. बोली पसंत न पडल्यास ती नाकारण्याचा अधिकार शेतकऱ्याला असतो. ईबेच्या विक्रेत्याला राखीव किंमतीमुळे मिळणारे संरक्षण येथे दुसऱ्या रूपाने दिलेले आहे.

या अनुभवापासून घ्यावयाचा बोध

ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत अनेक कार्यालयांना काही ना काही विकावे किंवा भाडेपट्ट्याने द्यावे लागते. वादळाने पडलेली झाडे, निकामी यंत्रसामग्री, बाजारातील गाळे, तलावातील मासेमारीचा हक्क अशी उदाहरणे नेहमीच्या पाहण्यातील आहेत. प्रत्येक ठिकाणचे नियम ठरलेले असतात आणि त्यांचे पालन व्हावयासच हवे. तथापि नियमांमागील तर्क समजून घेतला, तर त्यांची अंमलबजावणी अधिक डोळसपणे होऊ शकते. ईबेवरील विक्रेत्यांच्या अनुभवातून तीन गोष्टी विशेषत्वाने लक्षात घेण्याजोग्या वाटतात.

पहिली गोष्ट अशी की, पद्धत निवडण्यापूर्वी 'या वस्तूची किंमत कोणाला माहीत आहे?' हा प्रश्न विचारावा. किंमत सर्वांना माहीत असेल, तर लिलावाचा सोपस्कार म्हणजे कालापव्यय. ती घेणाऱ्यांनाच माहीत असेल आणि विकणाऱ्याला नसेल, तर घाईने सांगितलेली निश्चित किंमत तोट्याची ठरण्याचा संभव मोठा. जुन्या सागाच्या ओंडक्यांची किंमत कार्यालयातील लिपिकापेक्षा लाकडाच्या व्यापाऱ्याला अधिक कळते. म्हणून तेथे दोन व्यापाऱ्यांना समोरासमोर आणणे हितावह असते.

दुसरी गोष्ट म्हणजे, नियमातील लहानसे कलम मोठा परिणाम घडविते. पर्याय पहिल्या बोलीला संपतो की शेवटपर्यंत टिकतो, एवढ्या एका फरकाने कोणाची बाजू वरचढ होईल हे ठरले. कागदावर निर्दोष दिसणाऱ्या अटीचा उपयोग चतुर माणूस कसा करील, याचा विचार अट लिहितानाच करावा लागतो. आरंभ किंमत, अनामत रक्कम, पैसे भरण्याची मुदत, पैसे न भरल्यास होणारी कारवाई ही कलमे म्हणूनच दुय्यम समजून चालणार नाही.

तिसरी गोष्ट मनुष्यस्वभावाशी संबंधित आहे. विक्रेत्यांनी प्रारंभी केलेल्या तक्रारींना केवळ बदलाला होणारा विरोध समजून बाजूस सारणे सोपे होते. प्रत्यक्षात त्या तक्रारींमध्ये व्यवस्थेतील बहुतेक दोष अचूक सांगितलेले होते. पैसे तत्काळ भरण्याच्या अटीसारख्या ज्या सुधारणा पुढे झाल्या, त्यांनी त्याच दोषांचे निवारण केले. नव्या व्यवस्थेचा बोजा ज्याच्यावर पडतो त्याला तिच्यातील उणिवा सर्वांत आधी दिसतात.

किंमत निश्चित असावी की बोलीतून ठरावी, या प्रश्नाला सर्व काळी आणि सर्व वस्तूंना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. बाजारात माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याला ते अनुभवाने ठाऊक असते. "आत्ताच उचलतो" म्हणणाऱ्या व्यापाऱ्याकडे पाहण्यापूर्वी तो शेजारच्या ढिगाला काय भाव मिळाला याची चौकशी करतो. ती चौकशी करण्यास त्याला वेळ आणि साधन मिळावे, एवढी काळजी घेतली गेली, तर पुढचा निर्णय तो स्वतः घेऊ शकतो.